बारा डबे आणि अडीच डबे

तुर्भ्याला एमआयडीसीत एक गाळा आहे, तिथे गाड्यांना आंघोळ घालतात, असं मी घरी सांगतो. खरं काम जरा वरच्या दर्जाचं आहे. रंगावर पारदर्शक फिल्म चढवायची, सिरॅमिक कोटिंग करायचं, सीटच्या शिवणीत बसलेली धूळ दात घासायच्या ब्रशने काढायची. एखाद्या गाडीचं बिल माझ्या स्विफ्टच्या आजच्या बाजारभावाच्या आसपास जातं. मी त्या बिलांचा माणूस. आठवड्यातून दोन दिवस जातो, जीएसटीची रिटर्न्स, पोरांचे पगार, थकलेली उधारी बघतो आणि नेरूळला घरी येतो. गाड्यांतलं मला फारसं कळत नाही. आकडा मात्र कुठेही दिसला की हात शिवशिवतात.

जानेवारीत तिथे एक पोपटी हुराकान आली. लॅम्बोर्गिनी. शटरच्या बाहेर पेव्हर ब्लॉकचा एक उंचवटा आहे. टेम्पोवाले त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. तो ओलांडायला या गाडीला चार मिनिटं लागली. नाक वर उचलायचं बटण दाबून झालं, दोन पोरं दोन बाजूंनी ओणवी होऊन "आने दो, आने दो, बस" करत होती, आणि एसी चालू असून मालकाच्या कपाळावर घाम. नंतर जॉबकार्ड माझ्या टेबलावर आलं तेव्हा मॉडेलच्या रकान्याशेजारी कुणीतरी हौसेने लिहिलं होतं : ०-१०० = ३.२ सेकंद. म्हणजे शून्यावरून ताशी शंभर किलोमीटरवर जायला लागणारा वेळ. चार मिनिटं आणि ३.२ सेकंद. एकाच कागदावर या दोन नोंदी काही जुळेनात.

माझी गाडी २०१३ची स्विफ्ट झेडडीआय. एमएच ४३, डिझेल. ती घेतली तेव्हा पेट्रोल आणि डिझेलच्या दरात लिटरमागे वीसेक रुपयांचा फरक होता आणि घरटी एक अर्थतज्ज्ञ तयार झाला होता. आमच्या घरात तो मी. एव्हरेज अमुक, महिन्याचं रनिंग तमुक, म्हणजे डिझेलसाठी मोजलेले जास्तीचे पैसे इतक्या वर्षांत वसूल, असा तक्ता मी एक्सेलमध्ये केला होता. ऑक्टोबर २०१४मध्ये सरकारने डिझेलचे दर बाजारावर सोडले आणि पुढे तो फरक आटत गेला. तक्ता अजून लॅपटॉपमध्ये आहे. मी तो उघडत नाही.

पण इंजिन गुणी निघालं. १२४८ सीसीचं, मुळात फियाटचं. एक काळ असा होता की हेच इंजिन मारुतीत होतं, टाटाच्या व्हिस्टा आणि मान्झात होतं, फियाटच्या स्वतःच्या पुंतो-लिनियात होतं, शेवरोलेच्या सेलमध्येही होतं. गाडीवेडी मंडळी त्याला चेष्टेने राष्ट्रीय इंजिन म्हणायची. एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. ७५ हॉर्सपॉवर, १९० न्यूटन-मीटर टॉर्क म्हणजे फिरवायचा जोर, आणि तोही दोन हजार आरपीएमलाच, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर. हे आकडे मला पाठ होते. ही गाडी शून्यावरून शंभरावर किती सेकंदांत जाते हे मात्र बारा वर्षांत माहीत नव्हतं. जॉबकार्डाची गोष्ट सांगितल्यावर माझ्या भाच्याने, ओंकारने, पहिलाच प्रश्न तो विचारला.

"मामा, मग तुझी कितीत जाते?"

"जाते की."

"अरे, पण कितीत?"

हे मोजायचं कुठे, हा खरा प्रश्न. नवी मुंबईत असं काही म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पामबीच रोड येतो. वाशीपासून बेलापूरपर्यंत दहाएक किलोमीटर, एका बाजूला कांदळवन आणि खाडी, थंडीत नेरूळच्या पाणथळीवर फ्लेमिंगो. दिवसा तो फार देखणा रस्ता आहे. रात्री एक वाजता आमच्या बाल्कनीत जो आवाज येतो तोही त्याच रस्त्यावरून येतो, आणि त्या आवाजाच्या मागोमाग कधीकधी अॅम्ब्युलन्सचा. त्यामुळे पामबीचवर मोजामोजी करणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही, आणि त्यांच्यात सामील व्हायची तर मुळीच इच्छा नाही.

उत्तर पुण्याच्या वाटेवर सापडलं. एक्स्प्रेसवेवर सपाटीला शंभरची मर्यादा आहे. आणि खालापूरच्या टोलनाक्यावर प्रत्येक गाडी जवळजवळ शून्यावर येते. फास्टॅग वाचला जातो, दांडा वर जातो, पुढे रस्ता रुंद, आणि तिथून शंभरापर्यंत जाणं हा पैसे भरून मिळवलेला कायदेशीर हक्क. शून्य ते शंभर करायला महाराष्ट्रात टोलनाक्याइतकी सोयीची जागा नसेल. आम्ही बहिणीकडे पुण्याला जाता-येताना तीनदा मोजलं, दरवेळी पहाटे, मागे-पुढे कुणी नसताना. ओंकारच्या मोबाइलमध्ये जीपीएसवर चालणारं अॅप होतं. त्याचा हुकूम असा : "फर्स्ट चाळीसपर्यंत ताण, सेकंड पंचाहत्तरपर्यंत, थर्डमध्ये शंभर. आणि क्लचवर उगाच रेंगाळू नकोस."

बारा वर्षं मी ज्या इंजिनाला अडीच हजारांच्या वर क्वचितच नेलं होतं त्याला साडेचारपर्यंत नेताना अपराधी वाटत होतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जिना धावत चढायला लावल्यासारखं. सुरुवातीला काहीच होत नाही. दोन हजारांच्या खाली हे इंजिन झोपलेलं असतं. रेस द्या, ते नुसतं घुरघुरतं. मग काटा दोनवर येतो, इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा टर्बो उघडतो आणि गाडी मागून कुणीतरी ढकलल्यासारखी पुढे जाते. ते सुख दीड सेकंदाचं. लगेच गिअर बदला, आणि त्या बदलात अर्धा सेकंद हवेत. तिसऱ्या गिअरमध्ये ऐंशीनंतर गाडी रमतगमत जाते. ऐंशी, चौऱ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. ओंकार मोबाइलकडे बघत होता, मी रस्त्याकडे, आणि मागच्या सीटवर माझी बायको मंजिरी डोळे मिटून बसली होती.

तिन्हींतला चांगला आकडा १५.२ सेकंद, मंजिरी बरोबर नव्हती त्या फेरीतला. तेवढ्या वेळात आम्ही अडीचशे मीटरच्या आसपास गेलो असू. ओंकारला ते अंतर डोळ्यांपुढे येईना, म्हणून मी त्याला माप दिलं : बारा डब्यांची अख्खी लोकल.

हुराकानचे मालक खारघरला राहतात, मूळचे उरणकडचे, बांधकामाच्या कंत्राटात आहेत. माणूस साधा. गाडी न्यायला ते इनोव्हातून आले होते, तीही डिझेल. साइटवर खड्डे, चिखल, सिमेंटची पोती. रोजची गाडी तीच. मी माझे १५.२ त्यांना सांगितले तेव्हा ते हसले नाहीत, ही त्यांची सभ्यता. म्हणाले, "काका, रविवारी पहाटे टोलपर्यंत येता का? तुम्हाला दाखवतो. शंभरच्या वर नाही जायचं, आता सगळीकडे कॅमेरे आहेत."

गाडीत बसणं हाच एक कार्यक्रम. स्विफ्टमध्ये आपण बसतो, इथे आपल्याला स्वतःला आत ओतावं लागतं. माझं बूड रस्त्यापासून वीतभर वर असावं असा भास. शेजारून डंपर गेला तर त्याच्या चाकाचे नट माझ्या डोळ्यांच्या रेषेत. कळंबोलीपर्यंत ती गाडी एखाद्या शहाण्या सुनेसारखी चालली. खड्डा दिसला की नाक वर, खड्डा गेला की नाक खाली. गप्पा निघाल्या. लॅम्बोर्गिनी नावाचा गृहस्थ आधी ट्रॅक्टर बनवायचा, हे त्यांनीच सांगितलं. ट्रॅक्टरचा कारखाना १९४८चा, मोटारींचा १९६३चा. गाडी घरी आली तेव्हा वडिलांना हे सांगितलं, तर म्हातारा तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "मग ट्रॅक्टरच आणायचास."

टोलचा दांडा वर गेला. त्यांनी आरशात पाहिलं, पुढे पाहिलं, म्हणाले, "डोकं मागे टेकवा."

डोकं टेकवलेलं होतंच. ते टेकण्याच्या आत गेलं. शर्टाच्या खिशातलं पेन छातीत रुतलं, चष्मा नाकाच्या हाडावर दाबला गेला. पाठीमागे, कानापासून हातभर अंतरावर, दहा सिलिंडर एकदम ओरडले. तो आवाज कानाला कमी आणि बरगड्यांना जास्त ऐकू आला. मी मनात सेकंद मोजायचं ठरवलं होतं. "एक" म्हटल्याचं आठवतं. "दोन" म्हटलं की नाही, सांगता येत नाही. मग सगळं शांत झालं, काट्यावर शंभर होते आणि ते विचारत होते, "बरे आहात ना?" टोलनाका मागे वळून पाहिला तर तो अजून तिथेच होता, हाक मारली तर ऐकू जाईल इतका जवळ. पन्नास मीटर फार तर. अडीच डबे.

सुपरकार असो की साधी गाडी, सिग्नलला दोघी शेजारीच उभ्या राहतात, अशा अर्थाचं शहाणपण लोक सांगतात. मीही आधी सांगायचो. त्या रविवारनंतर सांगत नाही. ज्याला ते अडीच डबे लाभलेत त्याने ही बरोबरी करू नये.

घरी आल्यावर कागद-पेन्सिल घेतली. ज्या गोष्टीने आपल्याला "दोन" म्हणू दिलं नाही तिचा हिशेब तर लागलाच पाहिजे.

गाडी चालती करणं म्हणजे तिच्यात ऊर्जा भरणं. वजन आणि वेग माहीत असला की ती किती लागते हे शाळेतल्या सूत्राने निघतं. अर्धा गुणिले वजन गुणिले वेगाचा वर्ग. माणसं आणि सामान धरून स्विफ्ट साधारण १२०० किलो. हुराकान कोरडी १४२२ किलो. तेल, पेट्रोल आणि आम्ही दोघं धरून सतराशेच्या आसपास. शंभर किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. स्विफ्टचं उत्तर आलं ४६३ किलोज्यूल, हुराकानचं ६५६. किलोज्यूल म्हटलं की काही बोध होत नाही, म्हणून खाण्याच्या कॅलरीत आणलं. स्विफ्टला ११०, हुराकानला १५७.

मी तो कागद पुन्हा तपासला. एका वडापावात अडीचशे-तीनशे कॅलरी असतात. म्हणजे नेरूळ स्टेशनबाहेरच्या एका वडापावाच्या भांडवलावर दोन्ही गाड्या शंभराला पोचतात, आणि मिरची वर शिल्लक. इंजिनात डिझेलच्या उष्णतेतला मोठा भाग वायाच जातो, तो धरला तरी माझ्या गाडीला या उद्योगाला चाळीसेक मिलिलिटर डिझेल पुरावं. कटिंग चहा याहून जास्त असतो.

मग फरक कुठे आहे? रक्कम जवळपास तीच. फरक आहे तो ती किती वेळात वटवायची याचा. ४६३ किलोज्यूल १५.२ सेकंदांत, म्हणजे सरासरी ४१ हॉर्सपॉवर. ६५६ किलोज्यूल ३.२ सेकंदांत, म्हणजे पावणेतीनशे. हॉर्सपॉवर हा शब्द मी आयुष्यभर ताकद या अर्थाने वापरला. तो खर्चाचा दर आहे हे पन्नाशी उलटल्यावर आपल्याच हिशेबातून कळलं. ज्या माणसाने आयुष्यभर ईएमआय फेडला त्याला मुद्दल आणि हप्ता यांतला भेद समजावून सांगायला नको होता.

पण मग दुसरी तफावत निघाली. कागदोपत्री माझ्या इंजिनाचे ७५ घोडे, त्यांतले कामाला सरासरी ४१. बाकीचे कुठे? काही गिअर बदलताना मोकळे फिरतात, काही वाऱ्याला जातात, काही चार हजार आरपीएमलाच हजर होतात आणि तिथे आपण क्षणभरच असतो. हुराकानचे तर ६१०, त्यांतले पावणेतीनशेच हाती लागले. तिची गळती मात्र वेगळी आहे. सुरुवातीच्या क्षणी तिच्याकडे इतकी ताकद असते की ती रस्त्याला देता येत नाही. दिली तर टायर जागच्या जागी फिरेल. म्हणून चारही चाकांना ताकद वाटून द्यायची, मागचे टायर ३०५ मिलिमीटर रुंद घालायचे (एक फूट, माझे १८५), आणि तरीही इंजिनाला कॉम्प्युटरने धरून ठेवायचं. टायरची पकड हीच तिथे तिजोरीची चावी. साध्या रबराने डांबराला धरलं तर गाडी जवळजवळ गुरुत्वाकर्षणाइतक्या जोराने पुढे जाऊ शकते, त्याच्या फार पलीकडे नाही.

गुरुत्वाकर्षणाइतक्या म्हणजे किती? आमच्या समोरच्या टॉवरच्या तेराव्या मजल्यावरून कुंडी सुटली आणि हवेचा अडथळा सोडून दिला, तर जमिनीवर येताना तिचा वेग ताशी शंभर असेल. वेळ लागेल २.८ सेकंद. हुराकानला ३.२. म्हणजे त्या पहाटे मी जवळपास तेराव्या मजल्यावरून पडलो होतो, फक्त आडवा आणि लेदर सीटवर. पेन का रुतलं ते कळलं.

शरीराला हे जाणवतं कसं, याचाही एक छोटा भाग आहे आणि तो मला गाडीहून जास्त आवडला. आपल्या आतल्या कानात एका चिकट पडद्यावर बारीक खडे बसलेले असतात. कॅल्शियम कार्बोनेटचे, खाडीतल्या शिंपल्यांत असतो तोच पदार्थ. आपण पुढे ढकलले गेलो की ते जड खडे मागे रेंगाळतात, त्यांच्याखालची केसांसारखी टोकं वाकतात आणि मेंदूला वर्दी जाते. वेग एकसारखा झाला की खडे जागेवर येतात आणि वर्दी थांबते. म्हणून पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला तीसेक किलोमीटरने जात असताना आपला चहा हिंदकळत नाही, आणि हुराकान शंभरावर स्थिरावल्यावर मला ती स्विफ्टपेक्षा निराळी वाटेना. आपल्याला वेग कळतच नाही, कळतो तो वेगातला बदल. लोकल सुटताना हा बदल दर सेकंदाला ताशी दोनेक किलोमीटरच्या घरात असतो, त्यामुळे दांडी न धरताही वाशीची माणसं पेपर वाचत उभी असतात. हुराकानच्या डब्यात तशी माणसं उभी केली तर मानखुर्दची गर्दी थेट मागच्या डब्यात सापडेल.

इथपर्यंत मी गाळ्यावर सगळ्यांना ऐकवलं, आणि तिथल्या फिल्म चढवणाऱ्या पोराने, सलीमने, काम न थांबवता एक प्रश्न टाकला. "और ब्रेक, काका? ब्रेक का कितना?"

हे मी मोजलंच नव्हतं. मोजायची गरज नाही, कारण टायरची पकड तीच आहे. माझ्या गाडीचं इंजिन टायरला कधी पुरतं वापरतच नाही, पण ब्रेक वापरतात. कोरड्या रस्त्यावर, ब्रेक लावताना चाकं जॅम होऊ न देणारं एबीएस चालू असताना, शंभरावरून माझी स्विफ्ट साडेतीन सेकंदांच्या आत थांबावी. पंचेचाळीसेक मीटर, सव्वादोन डबे. हुराकान याहून लवकर थांबते, पण थोडीच. चढताना दोघींत बारा सेकंदांचा फरक आणि उतरताना सेकंदाचाही नाही. जी ऊर्जा गोळा करायला १५.२ सेकंद लागली ती सगळी साडेतीन सेकंदांत चार चाकांच्या ब्रेकमध्ये तापून जाते. म्हणजे बारा वर्षं माझ्या पायाखाली एक सुपरकार होती. मधल्या पेडलखाली.

आणि ती मी एकदा चालवली होती. तीनेक वर्षांपूर्वी, संध्याकाळी, सीवूड्सहून घरी येताना. पामबीचवर साठच्या आसपास होतो. कठड्याच्या फटीतून पार्सलवाला मुलगा स्कूटर ढकलत रस्त्यात आला, माझ्याकडे न बघता. पाय आपोआप पडला. पेडल पावलाखाली थरथरलं, पट्टा खांद्यात रुतला, मागच्या सीटवरचा तीस अंड्यांचा ट्रे दोन सीटांच्या मधून येऊन डॅशबोर्डवर फुटला. गाडी थांबली तेव्हा त्या मुलाच्या पिशवीवरचं नाव वाचता येत होतं. वेळ असेल दोनेक सेकंद, अंतर पाऊण डबा. अंड्यांचा वास पुढे पावसाळाभर राहिला आणि एसीच्या जाळीत वाळलेला बलक काढायला एका सर्व्हिस सेंटरने डॅशबोर्ड उघडण्याचे साडेचार हजार सांगितले. मी टूथब्रशने काढला. (गाळ्यातली विद्या.) हुराकानमध्ये पेन छातीत ज्या जोराने रुतलं, जवळपास त्याच जोराने तो पट्टा रुतला होता. एवढंच, की त्यासाठी कुणी पैसे मोजत नाही आणि कुणी ते जॉबकार्डावर लिहीत नाही.

मला वाटतं, आपल्याकडच्या गाडीचा खरा आकडा शून्य ते शंभर नव्हेच. कितीदा करतो आपण ते? माझ्या खऱ्या परीक्षा सगळ्या चिपळूणच्या वाटेवर झाल्या. मुंबई-गोवा रस्ता जिथे अजून दोन पदरी आणि खणलेला होता तेव्हाच्या. पुढे एसटी, तिच्यापुढे चिरे भरलेला ट्रक, वळणावळणाचा चढ, आणि मग अचानक दोनशे मीटर सरळ मोकळा तुकडा. गाडी पंचेचाळीसवर, गिअर तिसरा. त्या घटकेला आरपीएमचा काटा बरोबर दोन हजारांवर असतो, म्हणजे टर्बो जागा आणि १९०च्या १९० न्यूटन-मीटर हाताशी. गिअर बदलायला नको, विचार करायला नको. पाय दाबला की गाडी उचलते. एसटीच्या लाल पत्र्यावरची धूळ, खिडकीतून बाहेर आलेलं एक कोपर, ड्रायव्हरच्या आरशात क्षणभर आपलीच गाडी, आणि आपण पुढे. या पंचेचाळीस ते सत्तरमध्ये माझं डिझेल मला कधी कमी पडलं नाही.

डिझेलचा हा स्वभाव त्याच्या जळण्यात आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते. डिझेलमध्ये ठिणगी नाही. माझ्या इंजिनात हवा सतरापट दाबली जाते, दाबून दाबून ती इतकी तापते की तिच्यात उडवलेला डिझेलचा फवारा स्वतःच पेट घेतो. एवढा दाब सोसायला लोखंड जाड, दांडे जड. आणि फवारा पसरून जळायला वेळ लागतो. म्हणून डिझेल घाई करत नाही. ते पोहऱ्याने पाणी काढतं, पोहरा मोठा आणि ओढ सावकाश. हुराकानचा पोहरा तिप्पट मोठा, ५६० न्यूटन-मीटर, पण तो भरायला साडेसहा हजार आरपीएम लागतात. तुर्भ्याच्या नाक्यावर साडेसहा हजार आरपीएम कोण करणार? तिथे ती गाडी आपल्या ताकदीच्या तळाशी चाचपडत असते, आणि बाजूचा डिझेल टेम्पो आपल्या ताकदीच्या ऐन भरात.

आता मात्र या दोघींनाही मागे टाकणारं तिसरंच काहीतरी सिग्नलवर दिसू लागलंय. महिन्याभरापूर्वी वाशीत माझ्या शेजारी एक इलेक्ट्रिक टॅक्सी होती. छतावर कॅरिअर, मागे तीन मावश्या, मांडीवर पिशव्या. सिग्नल सुटला आणि ती आवाज न करता निघून गेली; माझा टर्बो तेव्हा डोळे चोळत होता. विजेच्या मोटरला शून्यापासूनच पुरा टॉर्क असतो, तिला दोन हजारांची वाट बघायची नसते. हे नवंही नाही. ताशी शंभरची रेघ ओलांडणारी पहिली मोटारगाडी विजेचीच होती. १८९९च्या एप्रिलमध्ये, पॅरिसजवळ, कामिय जेनात्झी नावाच्या बेल्जियन माणसाने ती चालवली. तोफगोळ्यासारखं अंग, त्यावर तो कमरेपर्यंत उघडा बसलेला. वेग १०५.८८ किलोमीटर. गाडीचं नाव ला जमे कोंतांत, म्हणजे कधीच समाधान न होणारी. असं नाव घरच्या गाडीला ठेवलं असतं तर मंजिरीने चालकाकडे बोट दाखवलं असतं.

ओंकारचं समाधान झालं नव्हतंच. १५.२ त्याला लागून राहिले होते. "मामा, वजन कमी कर. डिकीत काय काय असतं तुझ्या?" सूत्राप्रमाणे बरोबर होतं त्याचं; ताकद तीच ठेवून वजन घटलं तर वेळ त्याच प्रमाणात घटणार. शनिवारी रात्री आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये डिकी उघडली. गावाहून आणलेलं तांदळाचं पोतं, तीस किलो. सात नारळ. दोन छत्र्या, त्यांतली एक आमची नव्हे. गणपतीच्या मखराचे पाइप. २०२२ची दिवाळी अंकांची गठ्ठी. सगळं मिळून पंचेचाळीस किलो भरलं. ते वर न नेता इलेक्ट्रिक मीटरच्या खोलीत वॉचमनच्या हवाली केलं आणि रविवारी पहाटे निघालो. मंजिरीला झोपू दिलं.

१४.६.

कागदावर १४.६३ आलं होतं. ओंकारने खालापूरपासून लोणावळ्यापर्यंत तीन मित्रांना फोन केले. मी स्टिअरिंगवर थाप मारली, बारा वर्षांत पहिल्यांदाच. दुपारी परत आलो तेव्हा गेटवर वॉचमन बदललेला होता, मीटरच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली रात्रपाळीवाल्याबरोबर कोपरखैरण्याला गेली होती. वर दार उघडंच होतं.

"डिकीतलं पोतं वर आण," मंजिरी आतून म्हणाली. "कुकर लावायचाय."